काय मानवत नाही? पोटाच्या तपासण्यांवर मुंबईत पैसे घालण्याआधी

पोट फुगतं, जेवल्या-जेवल्या संडासला पळावं लागतं, चार दिवस बद्धकोष्ठ आणि पाचव्या दिवशी जुलाब. हे महिनोन्‌महिने चाललं की माणूस फोनवर शोधायला बसतो, आणि पहिली जाहिरात दिसते ती थोड्याशा रक्तात दोनशेहून जास्त पदार्थ तपासून देणाऱ्या पॅनेलची. घरी येऊन रक्त घेतात, काही दिवसांत लाल-पिवळ्या-हिरव्या रकान्यांची पीडीएफ येते. त्या पीडीएफचे पैसे भरण्याआधी हा लेख वाचा. उपयोगी तपासण्या थोड्याच आहेत आणि बहुतेक स्वस्त आहेत. पण त्यांचा क्रम चुकला की पैसेही जातात आणि निदानही हुकतं.

१. आधी धोक्याच्या खुणा तपासा

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अधूनमधून ताप, हिमोग्लोबिन घसरणं, गिळताना घास अडकणं, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यातलं एकही असेल तर काय मानवत नाही हा शोध बाजूला ठेवा आणि थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून भरपूर आहे आणि तो क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारासारखाच दिसतो. अशा वेळी दूध बंद कर, गहू बंद कर करण्यात गेलेले महिने महागात पडतात.

यातलं काही नसेल तर सुरुवातीला फॅमिली डॉक्टर पुरे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि शौचाची साधी तपासणी एवढं करून घ्या. शौचाची तपासणी लोक लाजेपोटी टाळतात, पण मुंबईत ती फार कामाची आहे. टाकीच्या किंवा बाहेरच्या पाण्यातून जिआर्डिया हा जंतू पोटात गेला की लहान आतड्याचं अस्तर दुखावतं, दूध पचवणारं लॅक्टेज तात्पुरतं कमी पडतं आणि अचानक दूध बाधायला लागतं. जिआर्डियाचा इलाज झाला की काही आठवड्यांत दूध पुन्हा सोसू शकतं. हे जंतू रोज शौचात सापडतात असं नाही, म्हणून डॉक्टर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. एकच देऊन ‘नॉर्मल’ आलं म्हणून सुटलो असं समजू नका.

जुलाब मुख्य तक्रार असेल तर फीकल कॅलप्रोटेक्टिन ही शौचाचीच तपासणी विचारा. आकडा ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा उगाच चढतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर सांगा.

चालू औषधांची यादीही इथेच काढा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, मॅग्नेशियमवाल्या अँटासिडनेही होतात, आणि ‘शुगर-फ्री’ गोळ्या-च्युइंगममधलं सॉर्बिटॉल पोट फुगवतं. तपासणीचा एक रुपया न घालता इथेच उत्तर सापडणारे लोक कमी नाहीत.

२. तुमची भानगड कोणत्या जातीची?

‘मला अमुक चालत नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार येतात, आणि एकाची तपासणी दुसऱ्याला लागू पडत नाही.

अॅलर्जी: कोळंबी, शेंगदाणे, काजू, अंडं असं काही खाल्ल्यावर मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ-जीभ सुजते, उलटी होते. याची तपासणी म्हणजे स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून पाहणं) किंवा त्या-त्या पदार्थाची रक्तातली आयजीई, म्हणजे अॅलर्जीची अँटिबॉडी. तीही फक्त संशयित पदार्थांपुरती, घाऊक नाही, कारण नुसती आयजीई पॉझिटिव्ह येणं म्हणजे अॅलर्जी नव्हे. स्किन प्रिकआधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस बंद ठेवाव्या लागतात, आणि तारीख घेताना हे सांगायला क्लिनिक विसरू शकतं. घसा आवळत असेल, धाप लागत असेल तर तपासणीचा विचारही नको. १०८ किंवा जवळची कॅज्युअल्टी.

सिलिअॅक: गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. याला रक्ताची पक्की तपासणी आहे.

न मानवणं, म्हणजे इन्टॉलरन्स: एखादी साखर पचत नाही किंवा आतड्यात आंबते. इथे सगळा हिशेब मात्रेचा. वाटीभर बासुंदीने त्रास, चमचाभर दह्याने काही नाही. दुधाच्या आणि फळांच्या साखरेसाठी श्वासाची तपासणी आहे. बाकीच्या बहुतेक पदार्थांसाठी लॅबमध्ये विश्वासाची तपासणीच नाही.

३. पोळी सोडायच्या आधी सिलिअॅक तपासा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कुणीतरी सांगतं ‘गहू सोडून बघ’, माणूस दोन महिने भात-भाकरीवर राहतो, जरा बरं वाटतं, मग तपासणीला जातो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. येणारच. ग्लूटेन पोटात नसेल तर अँटिबॉडी उतरतात आणि आतडंही भरून यायला लागतं.

म्हणून तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत पोळी, पाव किंवा रवा चालू हवा. मग एकाच वेळी रक्ताच्या दोन तपासण्या लिहून घ्या: टीटीजी-आयजीए (सिलिअॅकची अँटिबॉडी) आणि टोटल आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी मिळून किती). दुसरी तपासणी पैसे वाचवायला गाळली जाते, पण सिलिअॅकच्या साधारण २ ते ३ टक्के रुग्णांत आयजीए मुळातच कमी असतं. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल येते.

गहू आधीच सोडलाय आणि पुन्हा खाणं झेपत नाही, अशांसाठी एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकीय तपासणी आहे. ती निगेटिव्ह आली तर सिलिअॅक जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं निरोगी माणसांतही मोठ्या प्रमाणात असतात. तपासणी महाग आहे, तेव्हा सुरुवातीलाच ती करून घेऊ नका.

टीटीजी वाढलेली आली तर मोठ्यांमध्ये सहसा पुढची पायरी एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पाहणं) आणि बायॉप्सी (तपासणीसाठी बारीक तुकडा घेणं). आजार आतड्यात ठिगळाठिगळाने असतो, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, दुसऱ्या टप्प्यातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घेतात. एंडोस्कोपीच्या आधीच डॉक्टरांना ‘सिलिअॅकसाठी बायॉप्सी घेणार ना?’ असं स्पष्ट विचारा. आणि काउंटरवर दर विचारताना ‘सगळं धरून किती?’ हाच प्रश्न. सांगितलेला आकडा बऱ्याचदा नुसत्या स्कोपीचा असतो. भूल, बायॉप्सी फोर्सेप्स, डे-केअर बेड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असं वेगळं बिल नंतर हातात पडतं. मुलांमध्ये टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल तर दुसऱ्या रक्तनमुन्यावर पडताळणी करून बायॉप्सीशिवायही निदान होऊ शकतं. हा निर्णय बालपोटविकारतज्ज्ञाचा.

निदान पक्कं झालं आणि ‘गहू सोडला तरी टीटीजी उतरत नाही’ अशी तक्रार असेल तर स्वयंपाकघर तपासा. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. भाजणीत गहू असतो. चक्कीवाल्याने ज्वारीच्या आधी गहू दळलेला असेल तर तुमच्या भाकरीत तो आलाच.

४. हायड्रोजन ब्रेथ टेस्ट: तयारी बिघडली की पैसे पाण्यात

पचन न झालेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू हायड्रोजन बनवतात. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. ठरावीक साखर पाण्यात देतात आणि दर १५ ते ३० मिनिटांनी पिशवीत किंवा यंत्रात फुंकायला लावतात, साधारण तीन तास. दुधातली साखर लॅक्टोज २५ ग्रॅम (काही ठिकाणी ५०), फळांतली साखर फ्रुक्टोज २५ ग्रॅम. लहान आतड्यात जिवाणू वाढलेत का हे पाहायचं तर ग्लुकोज ७५ ग्रॅम किंवा लॅक्ट्युलोज १० ग्रॅम. मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमची (दहा लाख भागांत २० भाग) वाढ झाली की पॉझिटिव्ह, जिवाणूंच्या तपासणीत मात्र ती पहिल्या ९० मिनिटांत दिसायला हवी.

तयारी अशी: अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले हवेत. पोट साफ करणारी (रेचक) आणि आतड्याची हालचाल वाढवणारी औषधं डॉक्टरांना विचारून आठवडाभर बंद. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात, तूप, मीठ, अंडं किंवा कांदा-लसूण न घातलेलं चिकन-मासे. वरण नाही, उसळ नाही, पोळी नाही, फळ नाही, चहातलं दूध नाही. मग ८ ते १२ तास पूर्ण उपाशी. उपाशी म्हणजे खरोखर उपाशी, साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास इथे चालत नाही. सकाळी विडी-सिगारेट, तंबाखू, मशेरी, बडीशेप, च्युइंगम काही नको. जिने धावत चढून धापा टाकत पोचू नका. श्वास जोरात चालला की आकडे बिघडतात, म्हणून पोचल्यावर थोडा वेळ शांत बसा. अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि त्या तीन तासांत झोपू नका.

पहिलंच फुंकलेलं रीडिंग २० पीपीएमच्या वर असेल तर बहुधा आदल्या दिवशीचं पथ्य पाळलं गेलेलं नसतं. अशा वेळी तपासणी तिथेच थांबवून दुसरी तारीख मागा. पुढे रेटून हाती येणाऱ्या रिपोर्टचा उपयोग नाही.

पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. यंत्र मिथेनही मोजतं का? काहींच्या आतड्यात हायड्रोजनऐवजी मिथेन बनतो आणि नुसत्या हायड्रोजनवर त्यांची तपासणी खोटी निगेटिव्ह येते. (मिथेनसाठी १० पीपीएम ही पातळी धरतात.) आणि तपासणीदरम्यान लक्षणांची नोंद ठेवतात का? आकडा चढला पण पोटात काहीच झालं नाही, तर साखर पूर्ण पचत नाही एवढंच कळलं, त्रास तिच्यामुळे होतो हे ठरलं नाही.

मधुमेह असेल तर ग्लुकोजच्या डोसबद्दल आधीच बोला. लहानपणापासून फळं आणि गोड खाल्लं की उलट्या होऊन गळून जाणाऱ्यांनी फ्रुक्टोजची तपासणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात तो डोस धोकादायक ठरतो.

ब्रेथ टेस्ट जवळपास नसेल तर लॅक्टोज देऊन रक्तातली साखर मोजण्याची जुनी पद्धतही आहे. साखर डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी वाढली तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. मधुमेहींत तिचा भरवसा नाही.

५. दोनशे पदार्थांचं पॅनेल घेऊ नका

ही पॅनेलं रक्तातल्या आयजीजी किंवा आयजीजी४ अँटिबॉडी मोजतात. तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, इतकंच त्या सांगतात. रोज जे ताटात असतं तेच लाल रकान्यात येतं: गहू, दूध, अंडं, शेंगदाणे. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की, अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये. केसांचं विश्लेषण, हातात नळी धरून करायची ‘बायोरेझोनन्स’, स्नायूंचा जोर बघून सांगितलेली यादी यांना तर तेवढाही आधार नाही.

पॅनेलची किंमत अनेकदा पाच आकडी असते. त्याच पैशांत वरच्या दोन्ही सिलिअॅक तपासण्या, कॅलप्रोटेक्टिन आणि पोटविकारतज्ज्ञाच्या एक-दोन भेटी बसू शकतात. शिवाय यादी हातात आली की लोक तीस-चाळीस पदार्थ एकदम सोडतात, वजन उतरतं, आणि मुलं असतील तर वाढ खुंटते. ‘पण मला फरक पडला’ असं सांगणारे भेटतील. तेही खोटं बोलत नसतात. गहू, दूध, कांदा एकदम बंद केल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतंच, त्यासाठी रक्त द्यायची गरज नव्हती.

६. वही, आणि वगळून पाहणं

इन्टॉलरन्सची खरी तपासणी ही, आणि ती फुकट आहे. दोन आठवडे वहीत लिहा: वेळ, काय खाल्लं, किती, त्रास कधी, शौच कसं. पाळी, झोप, प्रवास, ताण हेही.

दुधापासून सुरू करा. दोन आठवडे दूध, खवा, पेढा, पनीर, आइस्क्रीम पूर्ण बंद. मग सकाळी उपाशीपोटी एक कप, साधारण २५० मिली दूध घ्या. त्यात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी एवढं जेमतेम सोसतं. यावरून कळेल की कटिंग चहातलं दोन-तीन चमचे दूध सोडून सहसा काही साधत नाही, गुन्हेगार बहुधा बासुंदी असते. तुपात लॅक्टोज जवळजवळ नाही, विरजलेल्या दह्यात आणि ताकात दुधापेक्षा कमी.

दुधाने उलगडा झाला नाही तर लो-फॉडमॅप आहार, जो मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झाला. पहिले २ ते ६ आठवडे आंबणाऱ्या साखरा वगळायच्या, मग एकेक गट तीन-तीन दिवस वाढत्या मात्रेत परत आणून बघायचा, आणि शेवटी जे सोसतं ते सगळं खायचं. लोक पहिल्या टप्प्यातच वर्षभर अडकून बसतात, हे सगळ्यात वाईट.

मराठी घरात वगळायचं म्हणजे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, चणाडाळ, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, कलिंगड, मध. उरतं ते भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, पालक, मासे, अंडी, तूप, मोसंबी, पपई. लसणाशिवाय फोडणी जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: लसणातलं त्रास देणारं फ्रुक्टान (आंबणाऱ्या साखरांपैकी एक) पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका, स्वाद तेलात राहतो. मात्र रश्शात पाकळी उकळून काढली तर उपयोग नाही, कारण ते पाण्यात केव्हाच उतरलेलं असतं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. तयार मसाल्याच्या पाकिटावर ‘कांदा’, ‘लसूण’ शोधा. आणि वडापाव खाऊन ‘मला गहू बाधतो’ असा निष्कर्ष काढू नका. त्यात पाव, बेसन, लसणाची चटणी आणि तळण, चारही संशयित एकाच घासात असतात.

वजन कमी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि मुलांच्या बाबतीत हे एकट्याने करू नये. आहारतज्ज्ञ निवडताना ‘आरडी’, म्हणजे इंडियन डायेटेटिक असोसिएशनकडे नोंदणी आहे का ते विचारा.

७. मुंबईत कुठे जायचं

परळचं केईएम, सायन, नायर आणि भायखळ्याचं जेजे इथे पोटविकार विभाग आहेत. आधी केसपेपर, मग बहुधा मेडिसिन ओपीडीतून रेफरल, आणि पोटविकार ओपीडी ठरलेल्या वारीच असते, म्हणून पहिल्या फेरीत वार विचारून ठेवा. फी नाममात्र, वेळ मात्र सढळ हाताने द्यावा लागतो. साध्या रक्ततपासण्या महापालिकेच्या ‘आपला दवाखान्यात’ही होतात. ब्रेथ टेस्ट सगळीकडे नसते, निघण्याआधी फोन करा.

खासगी लॅब निवडताना एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. मान्यता तपासणीनिहाय असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबच्या यादीत तुमची तपासणी आहे का ते पाहा. टीटीजी पुन्हा-पुन्हा करायची असेल तर एकाच लॅबमध्ये, कारण किट बदललं की आकड्यांची तुलना होत नाही. शौचाचा नमुना घरून न्यायला येणार असतील तर किती तासांत पोचवतात आणि थंड ठेवतात का हे विचारा. डॉक्टरांनी एकाच ठरावीक लॅबचा आग्रह धरला तर नम्रपणे ‘कुठलीही एनएबीएल लॅब चालेल ना?’ म्हणा. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, या शहराला नवी नाही.

८. पैसे कोण देणार

नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीतल्या तपासण्या बसत नाहीत, वेगळं ओपीडी कव्हर घेतलं असेल तरच. ‘एक दिवस अॅडमिट होऊन करून टाकू, क्लेम मिळेल’ हा सल्ला ऐकू नका. केवळ तपासणीसाठी दाखल होणं हे पॉलिसीतलं प्रमाणित अपवर्जन (क्लेम न मिळणारी बाब) आहे, कोड ‘एक्सक्लूजन ०४’. क्लेम नाकारला की बेडचं भाडंही तुमच्याच माथी. मात्र त्याच आजारासाठी खरोखर दाखल व्हावं लागलं, तर पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांतल्या, सहसा ३० किंवा ६०, आधीच्या तपासण्यांची बिलं मागता येतात. म्हणून प्रत्येक पावती जपा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या अशा तपासण्यांसाठी तिच्यावर विसंबू नका. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल तर आधी ईएसआय दवाखान्यात जा, तिथून रेफरल मिळतो. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते, पण पैसे रोखीने दिलेले नकोत.

निदान-तपासणीवर जीएसटी लागत नाही. बिलात जीएसटीची ओळ दिसली तर ती कशावर लावली ते विचारा, बऱ्याचदा पॅकेजला चिकटवलेला ‘डाएट प्लॅन’ निघतो. ‘फुल बॉडी’ पॅकेज घेण्याआधी मागच्या तीन महिन्यांतले रिपोर्ट काढा, अर्ध्या तपासण्या झालेल्या असतात. आणि हप्त्यांवर मिळणारी तपासणी घेऊ नका.

९. सोबत न्यायचं

- ओळखपत्र, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून
- चालू औषधांची यादी, शेवटचं अँटिबायोटिक कधी संपलं ते लिहून
- लक्षणांची वही
- तपासणीचं नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर निदानाचा अंदाज लिहिलेला असेल तर उत्तम, पुढे क्लेमला लागते
- विम्याचं किंवा ईएसआयचं कार्ड
- यूपीआय किंवा कार्डने भरल्याची पावती आणि तपासणीनिहाय बिल

बायॉप्सी झाली असेल तर छापील रिपोर्टवर भागवू नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये काही काळ ठेवलेले असतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत हवं असेल तर लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन ते मागता येतात. घेताना ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच काउंटरवर जुळवून बघा.